बोका लिटर बॉक्स सोडून पलंगावर शू करतो तेव्हा

वाचणाऱ्या बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. चार वर्षांचा, नसबंदी झालेला बोका. तीन वर्षं लिटर बॉक्सची, म्हणजे शी-शूसाठी लिटर नावाची शोषून घेणारी माती भरून ठेवलेल्या टबाची, एकही तक्रार नाही. गेल्या दोन महिन्यांपासून मात्र शू पलंगावर, नाहीतर बाथरूमबाहेरच्या पायपुसण्यावर. शी अजूनही बॉक्समध्येच. याच काळात घरात एक भाटी पिल्लू आलं, बेडरूमच्या कोपऱ्यातला बॉक्स वॉशिंग मशीनशेजारी गेला आणि वास येतो म्हणून सुगंधी लिटर सुरू झालं. ओरडून झालं, ओल्या जागेवर नाक घासून झालं. आता घरात सगळ्यांचं एकच म्हणणं आहे की पिल्लू आणलं म्हणून हा सूड उगवतोय.

सूड नाही. चादरी कोण धुतं आणि त्यात कोणाचा रविवार जातो, याचा हिशेब बोक्याकडे नसतो. त्याला जिथे बसणं कमी त्रासाचं वाटतं तिथे तो बसतो. त्रास कसला, हे शोधणं आपलं काम. ते शोधण्याआधी एक गोष्ट मात्र आज रात्रीच बघा.

तो शूला बसला की जवळ न जाता लांबून लक्ष ठेवा. धार पडते का? की नुसता बसून राहतो, दोन थेंब टाकतो, उठतो आणि पाच मिनिटांनी दुसरीकडे जाऊन पुन्हा बसतो? शूला लालसर झाक आहे का? मागचा भाग सारखा चाटतोय का? एक थेंबही पडत नसेल तर हे उत्तर इथेच सोडा, बोक्याला उचला आणि दवाखाना गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी फार अरुंद असतो. चिकट स्राव आणि क्रिस्टल्स, म्हणजे लघवीतल्या क्षारांचे कण, यांची बारीक गुठळी तिथे अडकली की लघवी तुंबते, रक्तातलं पोटॅशियम चढतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि एक-दोन दिवसांत धडधाकट बोका हातचा जातो. भाटीचा मूत्रमार्ग रुंद आणि आखूड असल्यामुळे तिच्यात हे क्वचित होतं. 'दोन दिवस झाले, जोर करतोय, बद्धकोष्ठ झालंय' असं म्हणत आणलेला बोका मी तपासायला घेतो आणि हाताला पोटात चेंडूसारखं टणक मूत्राशय लागतं, असं अनेकदा झालंय. जोर शीसाठी चाललाय की शूसाठी, हे घरच्यांना कळत नाही आणि तो त्यांचा दोषही नाही. फक्त घरी पोट दाबून बघू नका. आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या अजिबात नकोत. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

धार नीट पडत असेल तर आजची रात्र निवांत झोपा, पण तपासणी याच आठवड्यात करून घ्या.

तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यांत बोलकी वाटलेली गोष्ट म्हणजे शी अजून बॉक्समध्येच होते. म्हणजे बॉक्स त्याला सरसकट नकोसा झालेला नाही. काही मांजरांना शी आणि शू वेगवेगळ्या जागी लागते, एकच बॉक्स मिळाला तर ती दोन्हींपैकी एक बाहेर नेतात. पण तुमच्या बोक्याने तीन वर्षं दोन्ही एकाच बॉक्समध्ये केलं. त्यामुळे माझा पहिला संशय मूत्राशयावर आहे. शू करताना आग होत असेल तर मांजर ती आग पोटाच्या नावावर टाकत नाही, जागेच्या नावावर टाकतं. या बॉक्समध्ये बसलो की दुखतं, एवढंच त्याला कळतं. मग तो मऊ, शोषून घेणारी, दुखल्याचा अनुभव नसलेली जागा शोधतो. पलंग, पायपुसणं, धुवायच्या कपड्यांचा ढीग. पुढे दुखणं बरं होतं, पण बॉक्सची धास्ती तशीच राहते. त्यामुळे औषध देऊनही उपयोग झाला नाही असं लोकांना वाटतं.

तरुण मांजरांत शूच्या तक्रारींमागे निम्म्याहून अधिक वेळा जो आजार निघतो त्याचं नाव इडिओपॅथिक सिस्टायटिस. जंतू सापडत नाहीत, खडा सापडत नाही, तरी मूत्राशयाच्या अस्तराला सूज. ताणाशी त्याचा घट्ट संबंध आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातले पशुवैद्यक टोनी बफिंग्टन यांनी या आजारावर अनेक वर्षं काम केलं. त्यांच्या गटाने २००६ साली दाखवून दिलं की अशा मांजरांचं घरातलं जगणं सुधारलं, म्हणजे लपायला जागा, चढायला उंची, खेळ, पाणी, पुरेसे बॉक्स, एकमेकांपासून मोकळीक दिली, की मूत्राशयाच्या तक्रारी चांगल्याच कमी होतात. मूत्राशयाचा आजार आणि त्यावर इलाज म्हणून कपाटावरची एक मोकळी फळी, हे ऐकून घरच्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. पण फळी काम करते.

या आजाराची एक गंमत आहे, दवाखान्यातल्या लोकांनाही ती चकवते. त्याचा झटका बहुतेक वेळा आठवड्याभरात आपोआप ओसरतो. मधल्या काळात कोणी अँटिबायोटिक दिलेलं असलं की श्रेय त्याला जातं. दोन महिन्यांनी पुन्हा झटका, पुन्हा तेच औषध, पुन्हा 'गुण आला'. तरुण मांजरात जंतुसंसर्ग प्रत्यक्षात कमी आढळतो. तो जास्त दिसतो दहा वर्षांपुढच्या मांजरांत, विशेषतः मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असताना. म्हणून लघवी तपासल्याशिवाय अँटिबायोटिक सुरू करायला माझा विरोध असतो. नमुना बारीक सुईने थेट मूत्राशयातून घेतला तर उत्तम. ऐकायला भयंकर वाटतं, पण बहुतेक मांजरं शांतपणे घेऊ देतात. घरून नमुना आणायचा असेल तर रिकाम्या, धुतलेल्या बॉक्समध्ये पाणी न शोषणारे प्लास्टिकचे मणी टाकतात आणि खाली जमलेली शू सिरिंजने उचलतात. तो नमुना ताजा असताना पोचवा. फ्रीजमध्ये दिवसभर पडून राहिला तर पोटात नसलेले क्रिस्टल्स बाटलीत तयार होतात आणि नको ते उपचार सुरू होतात. खडा आहे का हे बघायला एक्स-रे किंवा सोनोग्राफी. स्ट्रुव्हाइटचा खडा विशेष आहाराने काही आठवड्यांत विरघळतो, कॅल्शियम ऑक्झॅलेटचा विरघळत नाही, तो काढावाच लागतो. कारण कुठलंही निघो, पाणी जास्त पोटात जाणं फायद्याचंच. कोरड्या दाण्यांऐवजी ओलं खाणं वाढवणं हा त्याचा सर्वांत सोपा मार्ग.

इथे माझी एक चूक सांगतो, कारण तिच्यामुळे माझी तपासायची पद्धत बदलली. तेरा वर्षांची एक भाटी बॉक्सच्या अगदी शेजारी, भिंतीलगत शू आणि शी करायची. रिपोर्ट ठीक होते. मी लिटर बदलायला सांगितलं, मग जागा, मग पुन्हा लिटर. दोन महिने गेले. शेवटी घरच्यांनी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. भाटी बॉक्सशी येते, वास घेते, पुढचा एक पाय आत टाकते. मागचा पाय उचलते, कडेच्या उंचीपर्यंत नेते आणि थांबते. क्षणभर तशीच. मग पाय हळूच मागे घेते, वळते आणि बॉक्सला टेकूनच खाली बसते. तिला बॉक्स हवा होता, तिला तो चढता येत नव्हता. कड वीतभर उंच होती. बारा वर्षांपुढच्या मांजरांचे एक्स-रे काढले तर दहापैकी नऊ जणांत सांधे झिजल्याच्या खुणा दिसतात, हे मला पाठ होतं. समोरच्या भाटीला मात्र ते मी लावून बघितलं नव्हतं. आम्ही बॉक्सची पुढची बाजू कापून चार बोटांएवढी ठेवली, कापलेली कड घासून गुळगुळीत केली, सांध्यांसाठी औषध सुरू केलं. आठवड्याच्या आत ती आत जायला लागली. तेव्हापासून मी कुठलाही सल्ला देण्याआधी व्हिडिओ मागतो.

तुम्हीही काढा. फोन कशालातरी टेकवून ठेवा आणि स्वतः खोलीबाहेर जा. बॉक्स आवडणारं मांजर आत शिरतं, हुंगतं, उकरतं, एक फेरी मारतं, बसतं, मग वळून हुंगतं आणि झाकतं. सगळं सावकाश. बॉक्स सोसणारं मांजर वेगळं दिसतं. पुढचे पाय कडेवर, जणू खाली चिखल आहे. उकरणं नाहीच, किंवा लिटरऐवजी बॉक्सची भिंत, फरशी, हवा खरवडणं. बसताना कान मागे, नजर दाराकडे. काम झालं की पंजे झटकत धूम. फक्त न झाकणं म्हणजे बिघाड असं समजू नका, काही मांजरं जन्मभर झाकत नाहीत. पण आधी झाकणारं मांजर झाकेनासं झालं तर ती मोजण्यासारखी गोष्ट आहे.

व्हिडिओसोबत एक वही. लिटर ओलं झाल्यावर गोळा धरणारं असेल तर रोज शूचे गोळे किती आणि केवढे निघाले ते लिहा. निरोगी मांजर दिवसाला साधारण दोन ते चार वेळा शू करतं. गोळे वाढले आणि मोठे झाले तर जास्त पाणी, जास्त लघवी, म्हणजे मूत्रपिंड, मधुमेह, थायरॉइडकडे बघायचं. गोळे वाढले आणि लहान झाले तर मूत्राशयाकडे. दोन मांजरांत कोणाचा गोळा कुठला हा प्रश्न येईल. दोन-तीन दिवस त्यांना वेगळ्या खोल्यांत ठेवलं की अंदाज येतो.

पलंगावरची शू म्हणजे हद्द आखणं नव्हे ना, हेही विचारलंत. हद्द आखणारं मांजर सहसा उभं राहून, शेपूट ताठ करून, तिचं टोक थरथरवत भिंतीवर, दारावर, पडद्यावर थोडीशी फवारतं. तुमच्याकडे आडव्या जागी, बसून, मोठं थारोळं आहे, म्हणजे ही शूच आहे, सही नाही. नसबंदी झाली म्हणून फवारणं अशक्य, असं मात्र नाही. नसबंदी झालेल्यांपैकी सुमारे १० टक्के बोके आणि ५ टक्के भाट्या तरीही फवारतात. पुढे कधी खिडकीखालच्या भिंतीवर ओघळ दिसला तर आधी खिडकीबाहेर कोण येऊन बसतं ते बघा.

आता बॉक्स. आज घरात फिरणारं मांजर फेलिस लायबिका या रानमांजराच्या वंशातलं, कोरड्या मुलखातलं. भुसभुशीत माती उकरून, घाण करून, झाकून जायचं, हे त्याच्या अंगातच आहे. पिल्लू तीन-चार आठवड्यांचं झालं की कोणी न शिकवता उकरायला लागतं. पूर्वी लोक त्यासाठी राख किंवा वाळू ठेवायचे. १९४७ साली अमेरिकेत एड लोव यांनी शोषून घेणारी माती पिशवीत भरून विकायला काढली आणि तिथून लिटरचा धंदा उभा राहिला. त्यानंतर लिटरमध्ये ज्या सुधारणा झाल्या त्यातल्या कितीतरी माणसासाठी झाल्या. सुगंध ही त्यातली पहिली. आपल्याला मंद लव्हेंडर वाटतं ते मांजराच्या नाकाशी, दोन इंचांवरून, ओल्या मातीतून उसळून येतं. सुगंधी लिटर आजच बंद करा आणि तीन वर्षं चाललेलं जुनं लिटर परत आणा. जुनं मिळत नसेल तर बिनवासाचं, बारीक दाण्याचं, गोळा धरणारं घ्या. थर चार-पाच सेंटिमीटर. काहींना याहून कमी आवडतो, विशेषतः लांब केसांच्या मांजरांना, पण सुरुवात इथून करा.

आकाराबाबत बहुतेक तयार बॉक्स फसवतात. बोक्याला नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजा आणि त्याच्या दीडपट लांबीचा बॉक्स ठेवा. मोठ्या बोक्याला ७० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त लागतो आणि एवढा मोठा लिटर बॉक्स म्हणून विकत क्वचितच मिळतो. सामान भरून ठेवायचा प्लास्टिकचा मोठा टब घेऊन एका बाजूने खाच पाडली की काम होतं. झाकणाच्या बाबतीत माझं मत मवाळ आहे: बऱ्याच मांजरांना झाकण असलं काय नि नसलं काय, फरक पडत नाही. पण दोन मांजरं असलेल्या घरात झाकणाचा बॉक्स म्हणजे एकच दार असलेली गुहा, आणि दारात दुसरं मांजर बसलेलं. तुम्ही झाकण काढा.

सफाई दिवसातून दोनदा, निदान एकदा. बॉक्स सौम्य साबणाने धुवा, उग्र फिनेल वापरू नका. फिनॉलवर्गातली रसायनं मांजराच्या यकृताला पचत नाहीत, आणि पंजे चाटून ती पोटात जातात. प्लास्टिकवर ओरखडे पडले की त्यात वास मुरतो, म्हणून वर्षाकाठी बॉक्स बदला. जाता जाता: घरात कोणी गरोदर असेल तर बॉक्स दुसऱ्याने साफ करावा. टॉक्सोप्लाझ्मा हा गर्भाला धोका असलेला परजीवी; त्याची अंडी मांजराच्या शीतून पडल्यावर संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस घेतात, त्यामुळे रोजची सफाई हाच मोठा बचाव आहे. मांजर घराबाहेर काढायची काहीच गरज नसते.

जागेबद्दल मला तुमच्यावर थोडं रागवायचंय. वॉशिंग मशीनशेजारी बॉक्स ठेवायचा हा विचार माणसाचा आहे: पाण्याची जागा, कोपरा, पाहुण्यांना दिसत नाही. मांजराच्या बाजूने बघा. बसल्या अवस्थेत त्याला पळता येत नाही. नेमकं तेव्हा शेजारचं अवजड धूड पाणी सोडतं, घुरघुरतं, मग थडथडायला लागतं. असं एकदा झालं तरी पुरे. बॉक्स बेडरूमच्या जुन्या कोपऱ्यात परत जाऊ द्या. वासाची अडचण आहे हे मान्य, पण सध्या वास पलंगाला येतोय.

आणि पिल्लू. एक घर आठवतं, तिथे बोका आणि नवं पिल्लू यांचं 'मस्त जमलंय' असं घरचे सांगत होते, कधी मारामारी नाही. मी तासभर दिवाणखान्यात बसलो. पिल्लू बॉक्सकडे जाणाऱ्या वाटेत मधोमध पसरलेलं, डोळे अर्धवट मिटलेले. बोका खोलीतून आला, त्याला बघितलं, थबकला, पंजा चाटल्यासारखं केलं आणि आल्या पावली परत फिरला. गुरगुरणं नाही, फुत्कार नाही. वीस मिनिटांनी पुन्हा तेच. घरच्यांच्या लेखी काही घडलंच नव्हतं. मांजरांची भांडणं बहुतेक अशीच असतात: नजर रोखणं, वाट अडवणं, दबा धरून अंगावर उडी. पिल्लाच्या दृष्टीने तो खेळ असतो. बसलेल्या बोक्याच्या दृष्टीने नसतो.

म्हणून मांजरं जितकी, त्याहून एक बॉक्स जास्त. तुमच्याकडे तीन. आणि तिन्ही एका ओळीत नकोत. मांजराच्या हिशेबी ती एकच जागा होते आणि एकाच पिल्लाला ती अडवता येते. तीन वेगळ्या ठिकाणी, शक्यतो जिथून निघायला दोन वाटा आहेत अशा. खाण्यापिण्याची भांडीही दोन ठिकाणी ठेवा, तीही बॉक्सपासून लांब. पिल्लाला दिवसातून दोन-तीनदा काठीला बांधलेल्या पिसाने दमवा, म्हणजे त्याचं बोक्यावरचं लक्ष कमी होईल. आणि मांजर माणसाने हाताला धरून 'दोस्ती करा' म्हटल्याने दोस्ती करत नाही. दोघांत तणाव जास्त दिसला तर काही दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवून, अंथरुणं अदलाबदल करून, बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण देऊन ओळख पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल.

ओली जागा साफ करणं हे अर्धं काम आहे, आणि तिथेच बहुतेक जण हरतात. मांजराच्या शूत फेलिनीन नावाचं अमिनो आम्ल असतं. ताज्या शूला त्या मानाने वास कमी; फेलिनीन हळूहळू मोडतं आणि त्यातून गंधकाची उग्र दर्प असलेली संयुगं सुटत राहतात. म्हणून धुतलेली गादी दोन दिवसांनी पुन्हा बोलायला लागते. साबण आणि अत्तराने तुमच्या नाकाची समजूत निघते, त्याच्या नाकाची नाही. एन्झाइम असलेला क्लीनर वापरा आणि तो वरवर फवारून पुसू नका. शू गादीत जितकी खोल गेली तितका तो खोल जायला हवा, आणि बाटलीवर लिहिलेला वेळ जागा ओली राहायला हवी. अमोनियाचा क्लीनर नको, त्याच्या वासात मांजराला शूचाच भास होऊ शकतो. ब्लीच तर मुळीच नको. शूतल्या अमोनियाशी मिसळून विषारी वायू होतो. जुने डाग सापडत नसतील तर रात्री दिवे घालवून अतिनील टॉर्च फिरवा. पहिल्यांदा हे केल्यावर लोक हादरतात, कारण दोन जागा माहीत असतात आणि सहा उजळतात.

पलंगाला जलरोधक आवरण घाला आणि सध्या तुम्ही नसताना बेडरूमचा पलंग त्याला मिळू देऊ नका. बॉक्स त्याच खोलीत आहे, म्हणजे दार लावून चालणार नाही; मग पलंगावर जाड प्लास्टिक किंवा कुरकुरणारं ताडपत्रीचं आवरण पसरून ठेवा. मऊपणा गेला की जागेची ओढ कमी होते. पायपुसणं उचला. त्या जागी काही दिवस एक बॉक्स ठेवा. त्याने जागा निवडलीच आहे तर तिचा फायदा घ्या. तिथे बसायला लागला की बॉक्स रोज वीतभर सरकवत हव्या त्या ठिकाणी न्या. एका दिवसात नेऊ नका.

मऊ कपड्याचीच सवय पक्की झाली असेल तर एका बॉक्समध्ये जुन्या टॉवेलचा तुकडा ठेवा, त्यावर मूठभर लिटर. चार दिवसांनी दोन मुठी. हळूहळू टॉवेल खाली दबतो आणि शेवटी काढून घेता येतो. कुठलं लिटर आवडतं हे ठरत नसेल तर दोन बॉक्स शेजारी-शेजारी, दोन प्रकारचं लिटर, आठवडाभर गोळे मोजा. ही एकच वेळ बॉक्स शेजारी ठेवायची.

नाक घासणं आणि ओरडणं आजपासून बंद. यात हळवेपणा नाही, हिशेब आहे. शिक्षेतून बोका 'पलंगावर करायचं नाही' हे शिकत नाही, 'तुमच्यासमोर करायचं नाही' हे शिकतो. मग तो सोफ्यामागे जातो, आणि तुम्ही बॉक्सजवळ असाल तर बॉक्समध्येही बसत नाही. शिवाय ताण वाढतो, आणि ताणाने मूत्राशय सुजतं हे वर लिहिलंच आहे. पलंगावर बसताना दिसला तर टाळी वाजवू नका, उचलून बॉक्समध्ये नेऊन टाकू नका. खेळणं सरकवून लक्ष वळवा, नाहीतर होऊ द्या आणि नंतर साफ करा.

कृत्रिम फेरोमोनचे, म्हणजे मांजरांच्या गंधखुणांची नक्कल हवेत सोडणारे, डिफ्यूझर काही घरांत मदत करतात, काहींत काहीच होत नाही. लावून बघायला हरकत नाही, पण बॉक्स सुधारायच्या ऐवजी ते लावू नका. फ्लुओक्सेटीनसारखी चिंता कमी करणारी औषधंही आहेत, मी ती देतो, मुख्यतः फवारणाऱ्या किंवा फार घाबरट मांजरांना, तपासणी झाल्यावरच. तुमच्या बोक्याला ती लागतील असं आत्ता वाटत नाही. औषधाची गोळी मांजराच्या घशात उतरवणं हाही एक ताणच आहे, हे गोळी भरवलेल्या कोणालाही विचारा.

क्रम असा ठेवा. आज रात्री धार बघा. उद्याच जुनं लिटर आणि जुनी जागा. या आठवड्यात लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी, आणि आणखी दोन बॉक्स. दुखणं निघालं तर त्याचे उपचार आणि बॉक्सची डागडुजी एकाच वेळी चालू दे, एक संपायची वाट बघून दुसरं नको. नेलेला बॉक्स परत आला, पिल्लू अडवत असलेली बोक्याची वाट मोकळी झाली, की दोन-तीन आठवड्यांत फरक दिसायला लागावा. न दिसल्यास व्हिडिओ घेऊन पुन्हा विचारा.

पलंगाचं आवरण काढायची घाई करू नका. पूर्ण महिना कोरडा गेल्यावर दुपारी तासभर, तुम्ही खोलीत असताना, त्याला मऊ चादरीवर लोळू द्या. तिथेच त्याच्याशी खेळा, तिथेच खाऊ द्या. जिथे खातो-खेळतो तिथे मांजर सहसा घाण करत नाही. जलरोधक आवरण मात्र चादरीखाली राहू द्या. आणि वही चालू ठेवा. पुढच्या वेळी पलंग ओला झाला तर मागची दोन-तीन पानं उलटा. बहुतेक वेळा गोळ्यांचा आकडा त्याआधीच बिघडलेला सापडतो.